मुका मार : लागलं डोक्याला, मग धडधड छातीत का?

मागे जो खटखट आवाज येतोय तो तुमच्या इअरफोनचा दोष नाही. मी मालेगावातून रेकॉर्ड करतोय आणि शेजारच्या गल्लीत पॉवरलूम चालू आहेत. शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हाच बसायचं ठरवलं होतं, पण नेमकं त्या दिवशी ऑफिसचं रिलीज निघालं. तर जरा चालवून घ्या. आणि जे हे ऐकत नाहीयेत, नुसतं वाचतायत, ते सुखी आहेत.

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात किल्ला नाही, लढाई नाही. असलीच तर ती माझ्या डोक्याच्या आत झालेली आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये, पहिल्या पावसात, मोसम पुलाच्या अलीकडे माझी गाडी घसरली. वेग फार नव्हता, तीस-पस्तीस असेल. समोर शेळी आली, मी ब्रेक दाबला, रस्त्यावर ऑइल होतं. हेल्मेट होतं, पण ते आरशाला लटकवलेलं होतं. हे सांगताना आजही लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू? डोकं दुभाजकाला घासलं. रक्त नाही, टाके नाहीत. दोन-तीन मिनिटांचं काहीच आठवत नाही. आठवतं ते थेट घरातलं. आजी अहिराणीत विचारत होती, "काय व्हयनं रे तुले?" आणि मी तिला तेच तेच उत्तर चार वेळा दिलं म्हणे.

सीटी स्कॅन झाला. नॉर्मल. "मुका मार आहे, आठ दिवस पडून राहा," असं सांगून घरी पाठवलं. आठवड्यानंतर डोकेदुखी कमी झाली, पण दुसरंच सुरू झालं. पलंगावरून उठलो की छाती धडधडायची, डोळ्यांसमोर अंधारी यायची. जिन्याच्या बारा पायऱ्या चढल्या की मॅरेथॉन धावल्यासारखा घाम. जेवल्यावर मळमळ. रात्री झोप नाही. मी घरी म्हणालो, हार्टचं काहीतरी झालंय. ईसीजी काढला, तोही नॉर्मल. मग सगळ्यांनी एकमेकांकडे जसं बघितलं ना, ते मला अजून आठवतंय.

मी इंजिनियर माणूस. लॉगमध्ये एरर दिसत नाही म्हणजे बग नाही, असं मी ज्युनियर असताना म्हणायचो. आता तेच वाक्य लोक मला ऐकवत होते. म्हणून मी वाचायला लागलो. रोज दहा-दहा मिनिटं, कारण स्क्रीनकडे त्याहून जास्त बघवत नव्हतं. त्या वाचनातून हा भाग तयार झालाय.

आधी तो शब्द बघा, 'मुका मार'. किती नेमका आहे! जो मार बोलत नाही. ज्याला जखम नाही, रक्त नाही, साक्षीदार नाही. इंग्रजीतला 'कन्कशन' हा शब्द हादरण्यावरून आलाय, पण आपल्या शब्दात रोग्याची अडचणही आहे, की दाखवू काय?

ही अडचण फार जुनी आहे. साधारण अकराशे वर्षांपूर्वी, आजच्या तेहरानजवळच्या रय शहरात अल-राझी नावाचा हकीम होऊन गेला. डोक्याला मार लागल्यावर कवटी फुटणं वेगळं आणि कवटी शाबूत असून माणूस काही काळ बिघडणं वेगळं, हा फरक स्पष्ट मांडणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं. आमच्या मालेगावात मन्सुरा कॅम्पसवर युनानी वैद्यकाचं महंमदिया तिब्बिया कॉलेज आहे. युनानी परंपरेत राझीचं नाव आजही मानाने घेतात. गंमत म्हणजे राझीच्या एका गाजलेल्या ग्रंथाचं नाव 'अल-मन्सुरी'. तो ग्रंथ त्याने रयच्या मन्सूर नावाच्या सुभेदाराला अर्पण केला होता. आमच्या मन्सुऱ्याशी त्याचा संबंध जोडायचा मला फार मोह होतोय, पण तो नुसता नावाचा योगायोग आहे.

पुढची कित्येक शतकं डॉक्टर याच कोड्याशी झुंजत राहिले. पॅरिसच्या अलेक्सी लित्र यांनी १७०५ साली एका कैद्याची हकिगत नोंदवली. त्याने धावत जाऊन भिंतीवर डोकं आपटलं आणि जागीच मेला. डोकं उघडून बघितलं, तर मेंदूत मरणाचं कारण म्हणावं असं काही दिसेना. आज सीटी स्कॅन नॉर्मल येतो तसंच ते. यंत्र बदललं, वाक्य तेच राहिलं.

उत्तराची पहिली कडी सापडली ती मोटारसायकलवरून. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', आपल्या ब्रफ सुपीरियर गाडीवरून चालले होते. सायकलवरच्या दोन पोरांना वाचवताना ते गाडीवरून फेकले गेले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांना बघायला गेलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे न्यूरोसर्जन होते. त्यानंतर केर्न्स मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांमागे लागले आणि १९४१ साली त्यांनी हेल्मेट का हवं हे दाखवणारा लेख छापला. तेव्हा महायुद्ध चालू होतं, निरोप पोचवणारे सैनिक गाड्यांवरून पडून मरत होते. ब्रिटिश लष्कराने हेल्मेट सक्तीचं केलं. आपल्या मोटार वाहन कायद्यात १९८८ सालचं कलम १२९ आहे. ते आरशाला लटकवण्याविषयी काही म्हणत नाही.

त्याच वर्षी, त्याच ऑक्सफर्डमध्ये डेनी-ब्राउन आणि रसेल यांनी भूल दिलेल्या प्राण्यांवर प्रयोग केले. (प्रयोग वाचवत नाहीत. मी सांगतो तेवढंच पुरे.) डोकं घट्ट आवळून धरलं असेल तर ज्या तडाख्याने कन्कशन होत नाही, तोच तडाखा डोकं मोकळं असताना दिला तर होतं. म्हणजे ठोसा महत्त्वाचा नाही, डोक्याला बसलेला हिसका महत्त्वाचा. दोन वर्षांनी होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिनचे मेंदू बनवले आणि दाखवलं, की खरा घात गरकन फिरण्याने होतो. दह्याचं भांडं हातात धरून मनगटाला एक झटका द्या. भांडं थांबतं, दही फिरत राहतं.

पण माझ्या दृष्टीने सर्वात मोलाची गोष्ट निराळीच. त्या प्राण्यांमध्ये तडाख्यानंतर काय दिसलं? श्वास क्षणभर थांबला. नाडी मंदावली. रक्तदाब वर-खाली झाला. मार डोक्याला, पण उत्तर दिलं हृदयाने आणि छातीने. हे वाचलं त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

आता थोडं यंत्राबद्दल. आपल्या शरीरात एक मज्जासंस्था अशी आहे, जी आपल्याला न विचारता काम करते. हृदयाचा वेग, रक्तदाब, घाम, पचन, बाहुलीचं लहान-मोठं होणं, सगळं तिच्याकडे. मराठीत तिला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १८९८ साली तिला 'ऑटोनॉमिक' हे नाव दिलं. तिच्या दोन मुख्य शाखा. अनुकंपी म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आणि परानुकंपी म्हणजे ब्रेक. त्यातला मोठा ब्रेक म्हणजे व्हेगस ही नस. मेंदूच्या देठापासून निघते, मानेतून उतरते आणि पार पोटापर्यंत जाते. १८४५ साली वेबर बंधूंनी प्रयोगात व्हेगसला विजेचा झटका दिला, तेव्हा हृदय थांबलं. तोवर नस म्हणजे काहीतरी चालू करणारी गोष्ट, असा समज होता. नस बंदही करू शकते हे तेव्हा कळलं.

आपलं हृदय कुठल्याच नसेच्या ताब्यात नसतं, तर मिनिटाला साधारण शंभर वेळा पडलं असतं. बसल्याजागी ते सत्तरच्या आसपास असतं, कारण व्हेगसचा पाय सतत ब्रेकवर असतो. तुम्ही उठून उभे राहता तेव्हा अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे सरकतं. त्याच क्षणी मानेतले सेन्सर मेंदूच्या देठाला कळवतात, ब्रेक सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि तुम्हाला काही कळतही नाही. हात मोकळा असेल तर आत्ता पॉज करून मनगटावर बोट ठेवा. खोल श्वास घेताना नाडी जराशी पळते, सोडताना मंदावते. तो तुमचा ब्रेक चालू असल्याचा पुरावा.

कन्कशनमध्ये मेंदूतले लांबलचक तंतू ताणले जातात. पेशींच्या आतबाहेर क्षारांची उलथापालथ होते. ती निस्तरायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी पुरवठा कमी पडतो. गिझा आणि होवडा या दोन संशोधकांनी २००१ साली ही साखळी नीट मांडली. यातलं काहीच सीटीत दिसत नाही, कारण सीटी बघतो तो रक्तस्राव आणि फ्रॅक्चर. तार तुटली का हे तो सांगेल, तारेतून सिग्नल उशिरा येतोय हे त्याला कसं कळणार? आणि ज्या देठावर हा सगळा ताण येतो, तिथेच नाडीचं आणि श्वासाचं नियंत्रण बसलेलं. मग ब्रेक ढिला होतो, अ‍ॅक्सिलरेटर अडकतो. दोन ठोक्यांमधल्या अंतरात जो नैसर्गिक चढउतार हवा, तो कन्कशननंतर बऱ्याच जणांत कमी झालेला सापडतो, विशेषतः श्रम करताना. मेंदूकडे जाणारं रक्तही नीट जुळवून घेत नाही. म्हणून जिना चढलं की डोकं ठणकतं.

माझ्या ऑफिसने दोन आठवडे रजा दिली. तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मॅनेजर म्हणाला, "पण तू दिसतोस तर ठणठणीत." वाईट माणूस नाही तो. त्याच्यासमोर डेडलाइन होती आणि माझ्याकडे दाखवायला एक टाकासुद्धा नव्हता.

या वाक्याचाही इतिहास आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जेकब मेंडेस दा कोस्टा या डॉक्टरांकडे असे सैनिक यायचे, ज्यांचं हृदय तपासलं तर ठीक, पण उठलं-चाललं की धडधड, धाप, चक्कर. १८७१ साली त्यांनी अशा तीनशे सैनिकांवर लेख लिहिला. लोक त्याला 'सैनिकाचं हृदय' म्हणू लागले. ही मुलं नाटक करत नाहीत, हे त्यांनी ठामपणे मांडलं. मग पहिलं महायुद्ध आलं. तोफगोळे जवळ फुटून थरथरणाऱ्या जवानांसाठी 'शेल शॉक' हा शब्द १९१५ साली चार्ल्स मायर्स यांच्या लेखातून वैद्यकात आला. लगेच वाद सुरू. हा मेंदूला बसलेला हादरा की मनाची भीती? ब्रिटिश लष्कराने दोन शिक्के ठरवले. शत्रूच्या गोळ्यामुळे झालं असेल तर 'डब्ल्यू', म्हणजे जखमी. नाहीतर 'एस', म्हणजे आजारी. पहिल्याला बाहीवर जखमेची पट्टी आणि पेन्शनचा हक्क. दुसऱ्याला दोन्ही नाही. एका अक्षरावर माणसाची इभ्रत अवलंबून. माझ्या रजेच्या अर्जावर एचआरने 'सिक' निवडलं की 'अ‍ॅक्सिडेंट' यावर पगार ठरणार होता, तेव्हा मला तेच शिक्के आठवले.

जखम दिसली तर जग कसं वागतं याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे नरी काँट्रॅक्टर. मार्च १९६२, बार्बाडोस. भारताचा कप्तान, वय २८. चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर बसला. तेव्हा हेल्मेट कुठलं? कवटी फुटली, ऑपरेशनं झाली, सहा दिवस शुद्ध नव्हती. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी रक्त दिलं आणि समोरच्या संघाचा कप्तान फ्रँक वॉरेल यानेसुद्धा दिलं. पुढे वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी डोक्यात धातूची पट्टी बसवली. ती तब्बल साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, मुंबईत काढली. काँट्रॅक्टर पुन्हा प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले, पण कसोटीत त्यांना परत घेतलं नाही. आणि ज्यांच्या डोक्याला चेंडू लागला पण काही फुटलं नाही, ते पाणी पिऊन, मान झटकून पुढचा चेंडू खेळत राहिले. त्यांची कुणी नोंदच ठेवली नाही. कन्कशनसाठी बदली खेळाडू देण्याचा नियम आयसीसीने केला २०१९ मध्ये. तो आपल्याला माहीत झाला डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला, जडेजाच्या जागी चहल उतरला तेव्हा. त्यावरही 'नाटक आहे' म्हणणारे होतेच.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट सापडल्यावर मी खुर्चीतून उडालो होतो. (आणि अर्थातच चक्कर आली.) मुंबईत डॉ. वसंत गंगाराम रेळे नावाचे एक डॉक्टर होते. १९२७ साली त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक काढलं आणि त्यात मांडलं, की योगशास्त्रात जिला कुंडलिनी म्हणतात ती म्हणजे दुसरं काही नसून उजवी व्हेगस नस! प्रस्तावना लिहिली तंत्रशास्त्राचे अभ्यासक सर जॉन वुड्रॉफ यांनी, आणि त्या प्रस्तावनेतच 'मला हे पटत नाही' असंही नोंदवलं. मला स्वतःला रेळेंचं समीकरण ओढून ताणून आणलेलं वाटतं. पण शंभर वर्षांपूर्वी मुंबईतला एक डॉक्टर विचारतोय, की आपल्या ताब्यात नसलेली ही नस श्वासातून ताब्यात येते का? प्रश्न एकदम बरोबर होता.

त्याच काळात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं आणि योग प्रयोगशाळेत मोजायला घेतला. पुढे वेंगर, बागची आणि दिल्लीचे आनंद यांनी हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्या योग्यांना ईसीजी लावला. निष्कर्ष १९६१ साली छापले. श्वास कोंडून आणि स्नायू आवळून छातीतला आवाज आणि मनगटावरची नाडी नाहीशी होत होती, पण कागदावर ठोके उमटतच होते. हृदय थांबलं नव्हतं. म्हणजे ब्रेकवर थेट पाय ठेवता येत नाही, श्वासाच्या मागच्या दाराने तिथवर पोचता येतं, इतकंच.

परत माझ्याकडे येतो. सातव्या आठवड्यात नाशिकला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कुठलंही यंत्र मागवलं नाही. मला आडवं केलं, नाडी आणि बीपी मोजलं. मग उभं केलं आणि दहा मिनिटं तसंच ठेवून दर दोन मिनिटांनी मोजत राहिले. आडवा असताना ७२, उभा राहिल्यावर ११०. बीपी फारसं पडलं नव्हतं. मोठ्या माणसात उभं राहिल्यावर दहा मिनिटांत तीस किंवा जास्त ठोके वाढले आणि सोबत असा त्रास असला, तर त्याकडे गांभीर्याने बघतात. डॉक्टर म्हणाले, "हे मनाचं नाही. आणि कायमचंही नाही." सात आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी आकडा लिहून दिला होता. मी ती चिठ्ठी अजून पाकिटात ठेवली आहे.

मग मी विचारलं, अजून किती दिवस पडून राहू? ते म्हणाले, पडून राहणं हेच आता दुखणं झालंय.

हाही बदल ताजा आहे. २००१ साली व्हिएन्नाला कन्कशनवर पहिली मोठी परिषद झाली, आणि नंतरची बरीच वर्षं सल्ला एकच होता, पूर्ण विश्रांती. पण आडवं राहून राहून ही स्वायत्त यंत्रणा आणखी सुस्तावते. पंधरा दिवस तापाने झोपलेल्याला उठल्यावर चक्कर येते ना, तसंच. अमेरिकेत बफेलो विद्यापीठात जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी वेगळी वाट धरली. रुग्णाला ट्रेडमिलवर चालवायचं, दर मिनिटाला चढ वाढवायचा, आणि त्रास ज्या ठोक्याला वाढायला लागतो तो आकडा टिपायचा. मग रोज त्या आकड्याच्या थोडं खाली, वीसेक मिनिटं व्यायाम. २०१९ साली त्यांनी १३ ते १८ वयाच्या १०३ खेळाडू मुलांवरचा अभ्यास छापला. नुसतं स्ट्रेचिंग करणारी मुलं साधारण १७ दिवसांत बरी झाली, असा मोजून व्यायाम करणारी १३ दिवसांत. चार दिवस म्हणजे फार नाही वाटत. पण आधीचा समज होता, की हलाल तर बिघडाल. आता जागतिक सल्लाही एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती आणि मग हळूहळू हालचाल असाच आहे.

एक महत्त्वाचं, घाईत विसरू नये म्हणून इथेच. मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, फिट, हातापायात कमजोरी, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही असेल तर पॉडकास्ट बंद करा आणि हॉस्पिटल गाठा. आणि व्यायामाचा तो आकडा डॉक्टरांकडूनच काढून घ्या, माझ्या भरवशावर नको.

माझा आकडा निघाला १२५. म्हणून मनगटावर घड्याळ बांधून ११० च्या खाली चालायला लागलो. कॅम्पातून भुईकोट किल्ल्याच्या दिशेने, सकाळी सहाला, ट्रॅफिकच्या आधी. पहिल्या दिवशी आठ मिनिटांत ११० झाले आणि मी एका चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवाले चाचा म्हणाले, "बेटा, इतनी जल्दी थक गए?" मी त्यांना व्हेगस नस समजावून सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पाणी दिलं. सोबत पाणी आणि मीठही वाढवलं होतं, तेही डॉक्टरांना विचारून. उठताना आधी बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. तिसऱ्या आठवड्यात वीस मिनिटं जमली. पाचव्यात मोसम पूल ओलांडला, पायी.

ऑफिसला मी ती चिठ्ठी स्कॅन करून पाठवली. ७२ आणि ११०, खाली सही. अर्ध्या तासात रजा मंजूर झाली. दोन महिने मी जे शब्दांत सांगत होतो ते दोन आकड्यांनी सांगितलं. याचा आनंद मानावा की राग यावा, हे माझं अजून ठरत नाहीये.

आज सकाळी रेकॉर्डिंगच्या आधी मोजलं. आडवा ६८, उभा ८४. हेल्मेट नवीन घेतलंय. आजी ते घालून बघते आणि म्हणते, यात ऐकू येत नाही. लूमच्या गावात ती तक्रार आहे की कौतुक, देव जाणे.

चला, शेजारी शिफ्ट बदलली वाटतं, आवाज वाढलाय. पुढच्या रविवारी भेटू.